कोंडीरामनं ऐकलेला मुका सिनेमा

चिंचवडच्या पुढं, रेल्वेच्या रुळांना लागून, लाल लोखंड ठोकून गाड्यांचे भाग घडवणारी एक कंपनी होती. तिथल्या हॅमर शॉपमध्ये दिवसभर भरपूर गप्पा चालायच्या, फक्त त्यात आवाज कुणी वाया घालवत नसे. सहा हॅमर होते, त्यातला मोठा तीन टनांचा. तो पडला की रुळांपलीकडच्या टपरीवर कपातल्या चहाला शहारा यायचा. नवा माणूस लागला की पहिले पंधरा दिवस ओरडून घसा बसवून घ्यायचा, आणि मग गुमान समोरच्याच्या ओठांकडं बघायला शिकायचा. महिनाभरात त्याला ओठांवरून शिव्या कळू लागत, तीन महिन्यांत बाकीचं.

कोंडीराम या विद्येत सगळ्यांचा बाप होता. मूळचा कुरुळीचा, शाळा चौथीपर्यंत. त्रेसष्ट साली, नुकती विशी ओलांडून तो सायकलवर कंपनीच्या गेटाशी आला आणि भट्टीसमोर उभा राहिला तो राहिलाच. काचेच्या केबिनमध्ये सुपरवायझर फोनवर काय बोलतो ते हा पन्नास पावलांवरून वाचायचा आणि हॅमर न थांबवता सगळ्या शॉपला कळवायचा. "आज सायबाच्या सासरची मंडळी आलीत. घरी जायची घाई न्हाई त्याला. जपून." लग्नाच्या मांडवात तो येऊन बसला की पलीकडच्या कोपऱ्यातल्या बायका तोंडाला पदर लावून बोलायच्या. त्यांना वाटायचं, हा माणूस तिखट कानाचा आहे.

खरी गोष्ट अशी होती, की कोंडीरामचे कान केव्हाच संपले होते.

ते एकदम गेले नाहीत. आधी चिमण्या गेल्या, मग सायकलची घंटा, मग पत्र्यावरचा पाऊस. एक दिवस त्याच्या ध्यानात आलं, की कस्तुरा, त्याची बायको, चुलीपुढं बसून काहीतरी गुणगुणतेय आणि आपल्याला नुसती तिची मान हललेली दिसतेय. त्या दिवशी तो बराच वेळ उंबऱ्यात बसून राहिला. आणि उठला तो पक्का लबाड होऊन उठला. चार माणसं हसली की हसायचं. कुणी विचारायच्या आत आपणच विचारायचं. अडचण आलीच तर "बघू की" म्हणायचं, ते कुठल्याही प्रश्नाला चालतं. वस्तीतल्या विहारात वंदना चालू झाली की पुढच्याच्या जबड्याकडं बघून ओठ हलवायचे. सहा वर्षं निघाली. कंपनीत तर काही अडचणच नव्हती. हॅमर शॉपमध्ये ऐकू येणारा आणि न येणारा यांत फरक काय करणार?

पंचाहत्तर सालच्या सुरुवातीला फरक करणारा माणूस आला. जयसिंग नावाचा नवा कंपनी डॉक्टर, तरुण, गोरटेला, आणि मनापासून कामगारांचं भलं इच्छिणारा, म्हणजे फारच धोकादायक. त्यानं नोटीस लावली: फेब्रुवारीत हॅमर शॉपमधल्या सगळ्यांचे कान तपासले जातील आणि ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना शांत जागी हलकं काम दिलं जाईल.

शांत जागा म्हणजे काय ते कोंडीरामला माहीत होतं. भट्टीवरचा चिमाजी आदल्या वर्षी ऑफिससमोरच्या बागेत गेला होता, त्याचे कान उघड उघड गेले होते म्हणून. कोंडीराम एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याला भेटायला गेला. चिमाजी गुलाबांना पाणी घालत होता. अंगावर स्वच्छ कपडे, चेहऱ्यावर काजळी नाही, आणि डोळे मेल्यासारखे. पलीकडं दोन माळी पाठमोरे बसून गप्पा मारत होते.

"कसं काय, बरं हाय की हितं?" कोंडीरामनं ओठांनीच विचारलं.

चिमाजी ओठांनी म्हणाला, "हितं सगळ्यांना ऐकू येतंय रं."

एवढंच. कोंडीराम परत आला, आणि ते वाक्य त्याच्यामागोमाग भट्टीपर्यंत आलं. पगार तोच राहणार होता, त्याची काळजी नव्हती. हॅमर शॉपमध्ये तो सगळ्यांचा बाप होता. बागेत तो बहिरा होणार होता.

मग त्यानं आणि ज्योतीरामनं मिळून एक बेत केला. ज्योतीराम हा त्याचा जोडीदार. कोंडीराम हॅमर सोडायचा आणि ज्योतीराम सांडशीत लाल तुकडा धरायचा. दोघांच्या मध्ये पापणी हलण्याइतकी चूक झाली तर ज्योतीरामचा हात जायचा, इतका विश्वास. उस्मानाबादकडचा गडी. तपासणीत डॉक्टर मागं उभा राहून शब्द बोलणार, तो ऐकणाऱ्यानं परत म्हणायचा. तर ज्योतीरामनं खिडकीबाहेर उभं राहायचं, डॉक्टरचा शब्द ऐकायचा आणि ओठांनी कोंडीरामला दाखवायचा.

"तेवढंच ना?" ज्योतीराम म्हणाला. "काळजी करू नको राव. मी हाव की."

बेत झाला आणि दोघांनाही शांत झोप लागली.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी कंपनीच्या मैदानात सिनेमा होता. वेल्फेअरचा कारकून साहेबराव दर दोन महिन्यांनी पुण्याहून पेट्या आणायचा. या खेपेला त्याला कुणीतरी "चोरी आहे, खून आहे, कोर्ट आहे, एकदम टॉप" असं सांगून जुन्यातलं जुनं रीळ गळ्यात बांधलं होतं. सिनेमा बोलपटांच्या आधीचा निघाला. इथलाच, आपल्याच लोकांनी काढलेला, पण मुका. माणसं पडद्यावर तोंडं हलवणार, मग काळ्या पाटीवर गुजरातीत आणि इंग्रजीत अक्षरं येणार, की पुन्हा तोंडं.

अंधार पडता पडता मैदान भरलं. बायका एका बाजूला. ऑफिस आणि टूलरूमची मंडळी मागं खुर्च्यांवर. हॅमर शॉप नेहमीप्रमाणं सगळ्यात पुढं, मातीत, चादरीच्या पडद्याला नाक लावून. यंत्र सुरू झालं आणि दोन मिनिटांत मागून हाकाटी उठली, "आवाज! आवाज सोडा रे!" साहेबराव धावत पडद्यापुढं आला आणि हात जोडून काहीतरी बोलला. उजेड त्याच्या पाठीशी होता, त्यामुळं तोंडाच्या जागी नुसतं काळं. कोंडीरामला वाटलं, स्वागत करतोय. त्यानं टाळी वाजवली. त्याच्या ओळीतल्या सगळ्यांनी वाजवली.

आणि मग त्या चादरीवर जे उमटलं, तसं कोंडीरामनं कधी पाहिलं नव्हतं.

बोलपट त्याला एवढ्यात नकोसे झाले होते. त्यातली माणसं पाठमोरी बोलतात, पळता पळता बोलतात. इथं मात्र सगळे समोर बघून बोलत होते, मोठाल्या तोंडांनी, सावकाश, पीठ लावलेल्या गोऱ्या चेहऱ्यांनी. एका शेटच्या घरातून मोत्यांचा हार जातो. शेट मरून पडतो. आळ येतो घरातल्या नऊवारीतल्या मोलकरणीवर. वाऱ्यानं चादर फुगली की तिचा चेहरा फुगायचा, डोळे पसरायचे, आणि वारा पडला की ती पुन्हा लहान होऊन कोपऱ्यात उभी राहायची. रीळ इतकं खरचटलेलं, की पडद्यावर सारखी पांढरी भुरभुर चालली होती आणि त्या भुरभुरीतून माणसं पलीकडच्या काठावरून बोलावल्यासारखी पुढं येत होती.

ती मराठी बोलत होती! ओठ स्वच्छ मराठी होते. काळा रुमाल बांधलेला चोर भिंतीवर चढताना रुमाल खाली सरकवून कुणाला तरी म्हणाला, "शिडी नीट धरा रे, हलतीय." कोंडीरामनं ते ऐकलं. वाचलं नाही, ऐकलं. आवाज जाडाभरडा, थोडा दमेकरी. त्याच्या बापाचा आवाज, जो बापाबरोबरच गेला होता. फौजदाराला त्यानं जुन्या मास्तरांचा आवाज दिला. पुलावरून घोडागाडी पळाली तेव्हा टापा वाजल्या. आणि कोठडीत ती मोलकरीण गजांना धरून, गालांवर पाणी, फौजदाराला म्हणाली, "दादा, सोडा की आता. घरी माझं पोर रडत असेल." तो आवाज कस्तुराचा होता. लग्नानंतरचा, पासष्ट सालचा, थोडा किनरा, विहिरीवरून हाक मारायची तो. सहा वर्षांनी तो आवाज चादरीतून निघून थेट त्याच्या छातीत आला, आणि कोंडीराम मातीत बसून, गुडघ्यांना मिठी मारून, हॅमरवाल्याला शोभणार नाही असं रडला.

सिनेमा संपला तेव्हा मागच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पुढची ओळ जागची हलली नव्हती.

घरी जाताना कस्तुरा सायकलच्या कॅरिअरवर होती. कोंडीराम पायडल मारत, मान सरळ ठेवून बोलत सुटला होता. "काय बोलली गं ती! पोर रडत आसंल म्हणली. आन् त्यो चोर, मला तर त्यो गरीबच वाटला. आवाज ऐकलास त्याचा? आप्पांवानी." थोडा वेळ थांबून, मागून काहीतरी उत्तर आलं असेल असं धरून तो म्हणाला, "व्हय, व्हय. तेच म्हणतो मी."

एकाएकी सायकल हलकी झाली. त्यानं वळून बघितलं. कस्तुरा दहा पावलं मागं रस्त्यात उभी होती, रस्त्याच्या दिव्याखाली, त्याच्याकडं बघत.

"काय झालं?"

"काई न्हाई," तिचे ओठ म्हणाले. "चला." पण ती बसली नाही. राहिलेली वाट चालत आली.

सोमवारी कँटीनमध्ये कोंडीरामनं सिनेमा पुन्हा लावला. एका हातात पाव, दुसऱ्या हातानं चोराची शिडी, मोलकरणीचे गज, सगळं दाखवत. कोर्टाचा प्रसंग त्यानं रंगवून सांगितला. "जज्ज मागं वळून म्हणतो, जेवणाचे डबे आले का? बघा राव! हिकडं बाईचा जीव टांगलाय आन् ह्याला भूक लागलीय. म्हणून तर घाईघाईत फाशी दिली."

शेजारच्या टेबलावरून साहेबराव आला. रागावला नव्हता, उलट कौतुकानं बघत होता. "कोंडीरामभाऊ, तुमच्या कल्पनेला सलाम. पण डायलॉग कुठनं आणले हे? पाटीवर तर लिहिलं होतं, 'न्याय आंधळा असतो.'"

"पाटी कोण बघतंय? त्यो काय बोलला ते ऐकलं न्हाई का तुमी?"

"ऐकणार काय डोंबल? सिनेमा मुका होता."

कोंडीरामच्या हातातला पाव चहात तसाच राहिला आणि भिजून तुटून पडला. आजूबाजूचे हात थांबले. सगळे आपल्याकडं बघतायत हे त्याला दिसलं. बागेतले गुलाब दिसले. पाण्याची झारी दिसली. आता हसावं का, हे ठरवायलाही कुणाच्या तोंडाकडं बघावं ते सुचेना.

तेवढ्यात ज्योतीराम उठला. "मुका कसा? काय सांगायलास साहेबराव? चोर बोललेला मी माझ्या कानानं ऐकलो की. आमच्याच भागातला होता त्यो, उस्मानाबादकडचा. बोलण्यावरनंच कळलं मला."

"उस्मानाबादचा कशाला?" पलीकडून भट्टीवरचा रत्नागिरीकडचा गडी म्हणाला. "सरळ कोकणी हेल काढीत होता तो मेल्या. मी काय बहिरा आहे?"

"माणचा होता, माणचा!" तिसरा म्हणाला.

बघता बघता हॅमर शॉपच्या तिन्ही टेबलांवर भांडण पेटलं. डबे म्हणाला की घंटा म्हणाला, चोराचा आवाज जाड की बारीक, मोलकरीण शेवटी हुंदका देते तो किती मोठा होता. साहेबराव मध्ये उभा राहून एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. मग त्यानं हळूच एक स्टीलचं ताट उचललं आणि ज्योतीरामच्या पाठीमागं फरशीवर आपटलं. सगळं कँटीन दचकलं. हॅमर शॉपचे अठरा जण भांडत राहिले.

कोंडीरामच फक्त बघत होता. ताट पडलेलं त्यानं बघितलं, आणि ज्योतीरामची न हललेली पाठ बघितली. या माणसाला खिडकीबाहेर उभा करून डॉक्टरचे शब्द ऐकवून घेणार होतो आपण! त्यानं ज्योतीरामचा खांदा धरून त्याला वळवलं.

"कवापासनं?" त्यानं विचारलं.

ज्योतीरामनं खाली पडलेलं ताट पाहिलं, साहेबरावला पाहिलं आणि लहान पोरासारखा ओशाळला. "चार वर्षं झाली असतील. तुला कसं सांगू? तुझा सगळा बेत माझ्याच कानांवर उभा होता."

त्या संध्याकाळी कस्तुरानं त्याला दारातल्या उजेडात बसवलं आणि स्वतः समोर बसली. "माझ्याकडं बघा. किती वर्सं?"

कोंडीरामनं सहा बोटं दाखवली.

तिनं मनातल्या मनात काहीतरी जुळवलं. "मंग आईला हितं आपल्याकडं आणू का, म्हणून कुरुळीच्या वाटंला तुमास्नी इचारलं, तवा तुमी व्हय म्हणला त्ये?"

कोंडीरामनं आतल्या खोलीकडं बघितलं. तिथं त्याची सासू अंबूबाई चार वर्षांपासून निवांत वाकळ शिवत बसली होती. ती कशी आली, कुणी आणली, हे कोडं त्यानं चार वर्षं कुणालाही विचारलं नव्हतं.

"बघू की," तो सवयीनं म्हणाला.

कस्तुरा हसली. मग हसता हसता तिचं तोंड वेडंवाकडं झालं, आणि ती पुढं काय बोलली ते पदरात गेलं, त्याला दिसलं नाही. त्यानं तिचा पदर बाजूला केला.

"लई बोलले मी तुमच्या पाठीला," ती म्हणत होती. "जे तोंडावर बोलवत न्हाई त्ये सगळं सायकलवर बोलले. पयलं पोर गेलं तवाचं बी. तुमी हं हं म्हणायचा. मला वाटायचं, ह्यांस्नी कळतंय."

कोंडीरामनं इतकी वर्षं राखलेली ती लबाडी, हॅमरच्या जागेसाठी राखलेली, दोघांच्या मध्ये उंबऱ्यावर येऊन बसल्यासारखी वाटली त्याला, आणि ती किती जाडजूड झालीय ते पहिल्यांदा दिसलं.

तपासणीच्या दिवशी सकाळी साहेबरावनं त्याला गेटापाशी गाठलं. ताटाची चूक त्याला खात असावी. त्यानं मुठीतून एक चिठ्ठी दिली. डॉक्टरचे दहा शब्द, क्रमानं. "पाठ करा आणि म्हणून टाका. कोण विचारतंय?"

कोंडीरामची पाठांतराची तयारी चांगली होती. भिंतीकडं तोंड करून उभा राहिला तोवर दहाही शब्द जिभेवर रांगेत उभे होते. समोर चुन्याची कोरी भिंत. मागं डॉक्टर जयसिंग कुठं आहे ते कळत नव्हतं. मग मानेवर श्वासाची ऊब लागली. म्हणजे पहिला शब्द बोलला गेला. चिठ्ठीप्रमाणं "नारळ" म्हणायचं होतं. म्हटलं की झालं. हॅमर आपला.

त्यानं तोंड उघडलं. पाठीमागून बोललं जातंय आणि आपण हं म्हणतोय, हे अगदी तसंच होतं.

तो गर्रकन वळला. "डॉक्टरसायेब, जे बोलायचं त्ये म्होरनं बोला. पाठीमागचं मला ऐकाया येत न्हाई. सहा वर्सं झाली."

डॉक्टरनं चिमट्यासारखा एक लोखंडी तुकडा टेबलावर वाजवून त्याच्या कानाशी धरला. कोंडीरामनं तो हातात घेतला, उलटापालटा केला आणि म्हणाला, "लोखंड चांगलं हाय. घडाई बरी न्हाई."

बाहेर आल्यावर त्यानं चिठ्ठी ज्योतीरामला दिली नाही. फाडून टाकली आणि नुसतं सांगितलं, "खरं सांग." संध्याकाळपर्यंत एकोणीसच्या एकोणीस नापास झाले. डॉक्टरच्या कागदाप्रमाणं सगळं हॅमर शॉप बागेत जायला हवं होतं, आणि तेवढे गुलाब कंपनीकडं नव्हते.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः हॅमर शॉपमध्ये आला. सोबत साहेबराव. दोघांनी कानात कापसाचे बोळे घातले होते, तरी पहिल्या ठोक्याला डॉक्टर जागेवरून उडाला. मग तो खांबाला टेकून उभा राहिला आणि बघत बसला. भट्टीचं दार उघडलं, लाल तुकडा ज्योतीरामच्या सांडशीत आला, फिरला, बसला. कोंडीरामनं ज्योतीरामच्या भुवईकडं बघितलं आणि तीन टन खाली आले. ठिणग्या उडाल्या. पुन्हा भुवई, पुन्हा तीन टन. एकाही माणसानं कुणाला हाक मारली नाही, आणि सगळ्या शॉपभर बोलणं चाललेलं दिसत होतं. ओठ हलत होते, कुणी हसत होतं, कुणी कुणाची खोड काढत होतं. डॉक्टरला वाटलं असावं, आपल्यालाच स्वप्न पडलंय.

तो स्वतःशीच पुटपुटला.

पलीकडच्या टोकाला कोंडीरामनं ते उचललं आणि शॉपला पोचवलं: डॉक्टर म्हणतोय, ह्यांना हलवलं तर इथं उभं कुणाला करायचं? आणि हॅमर न थांबवता, ओठांनीच डॉक्टरला उत्तर दिलं, "तुमी या की."

अठरा तोंडं एकदम फाकली. डॉक्टरला हसू दिसलं, ऐकू काहीच आलं नाही. त्यानं साहेबरावचा कोपर धरला. काय म्हणाले, काय म्हणाले? साहेबरावनं हात उडवले. मग डॉक्टर जयसिंग, डिग्रीवाला, कानांचा जाणकार, त्या शॉपमध्ये भांबावून एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्याकडं बघत राहिला, आणि हा चेहरा कोंडीरामला चांगला ओळखीचा होता.

त्याचं त्यालाच वाईट वाटलं. त्यानं हॅमरच्या पायडलवरून पाय काढला, हॅमर वर टांगला राहिला. तो डॉक्टरच्या समोर दोन हातांवर जाऊन उभा राहिला. तोंडावरची काजळी बाहीनं पुसली, म्हणजे ओठ नीट दिसावेत. आणि नव्या माणसाला शिकवतात तसं, एकेक अक्षर रुंद करून तो म्हणाला, "हितंच ऱ्हाऊ द्या."

डॉक्टरनं मान हलवली, कळलं नाही म्हणून.

"हितंच ऱ्हाऊ द्या."

डॉक्टर त्याच्या ओठांवर डोळे रोखून पुढं वाकला. तिसऱ्या वेळेला त्याचे स्वतःचे ओठ कोंडीरामच्या ओठांमागोमाग हलायला लागले. हि... तंच... आणि एकदम त्याचा चेहरा उजळला. शब्द उमगला होता. इतका खूष झाला तो, की मागं वळून साहेबरावला सांगायला लागला, पण साहेबरावला काही ऐकू येईना.

मग त्यानं बगलेतली फाइल काढली, खांबावर टेकवली आणि लिहिलं. कागद उलटा होता, अक्षरं डॉक्टरी होती, आणि वाचन कोंडीरामचं चौथीचं. म्हणून त्यानं कागद सोडून डॉक्टरच्या तोंडाकडं बघितलं. लिहिता लिहिता डॉक्टर पुटपुटत होता.

"सर्व एकोणीस. कामाची जागा बदलू नये."

कोंडीराम आपल्या जागेवर गेला. ज्योतीरामनं विचारायच्या आत त्यानं मान डोलावली, आणि ज्योतीराम भट्टीकडं पुढचा तुकडा आणायला वळला.